वाट मोकळी करणारे गुरू

पॅरिशच्या सणाची तयारी सुरू झाली की महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना निरोप जातो. मंडपाला हात लावण्यासाठी, खुर्च्या मांडण्यासाठी, गर्दी आवरण्यासाठी त्यांची आठवण होते. कार्यक्रम कोणता व्हावा, हे मात्र तोवर ठरून गेलेले असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत भूगोल विषय घेऊन शिकणाऱ्या एका मुलीने एक सूचना मांडली. गावातील सर्व बावखलांचा एक मोठा नकाशा काढावा, प्रत्येक बावखलाची हकिगत त्या त्या आळीतील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावी आणि सणाच्या दिवशी तो नकाशा सभागृहात लावावा, अशी ती सूचना होती. सभेला बसलेल्या आम्हा ज्येष्ठांना ती आवडली. परंतु ‘यंदा वेळ थोडा आहे, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. पुढच्या वर्षी ती मुलगी सभेला आली नाही. मधल्या काळात गावातील दोन बावखले बुजवली गेली आणि त्यांची माहिती असलेले एक वृद्ध गृहस्थही देवाघरी गेले.

‘आजची शिकलेली मुले स्वतःहून नवे काही करीत नाहीत’ अशी तक्रार आपण सारेच करतो. ती करताना वरील प्रसंग आम्हांला नेहमी अडवतो. नवे सुचणे हा केवळ मुलांच्या बुद्धीचा भाग आहे काय? की त्यांच्यापुढे जो उभा असतो, तो गुरू, प्राचार्य, धर्मगुरू किंवा समितीचा अध्यक्ष, त्याच्या वागण्यावरही ते अवलंबून असते? हा प्रश्न तर्काने सोडवण्यापेक्षा इतिहासाला विचारावा, असे आम्हांस वाटले. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही वाचकांना कलकत्ता शहरात घेऊन जात आहोत. १८६० ते १९३० या सत्तर वर्षांत त्या एका शहरातील महाविद्यालयांतून विज्ञानाची जी परंपरा उभी राहिली, तिला आपल्या देशाच्या इतिहासात तोड नाही. या परंपरेच्या आरंभी एक कॅथलिक धर्मगुरू उभे आहेत, आणि तिचा शेवट आम्हां मराठी माणसांच्या परिचयाच्या एका घरापर्यंत येऊन पोचतो.

प्रयोग दाखवणारे फादर

बेल्जियममधील मोन्स येथे १८३७ मध्ये जन्मलेले युजीन लाफों हे येशूसंघीय तरुण १८५९ च्या अखेरीस कलकत्त्यास आले. पुढच्याच वर्षी बेल्जियन येशूसंघीयांनी तेथे सेंट झेवियर महाविद्यालय सुरू केले आणि विज्ञान शिकवण्याचे काम लाफोंकडे आले. त्या काळी कलकत्ता विद्यापीठ स्थापन होऊन अवघी तीन वर्षे झाली होती आणि ते मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. विज्ञान म्हणजे पुस्तकातील उतारे पाठ करणे, असाच सर्वत्र समज होता. लाफोंनी ही रीत मोडली. जे शिकवायचे ते आधी डोळ्यांसमोर करून दाखवायचे, हा त्यांचा दंडक होता. त्यासाठी त्यांनी युरोपातून उपकरणे आणवली आणि महाविद्यालयात प्रयोगशाळा उभी केली.

१८६७ मध्ये त्यांनी हवामानाची नियमित निरीक्षणे घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वायुभारमापकातील पारा झपाट्याने खाली येताना पाहून येणाऱ्या चक्रीवादळाची सूचना त्यांनी अधिकाऱ्यांना दिली, आणि वादळ खरोखरच आले. विज्ञान हे परीक्षेच्या कागदापुरते नसून माणसांचे जीव वाचवण्याच्या कामी येते, हे त्या शहराने त्या दिवशी पाहिले. १८७४ च्या डिसेंबरमध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरून संक्रमण झाले, तेव्हा इटालियन शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर लाफोंही निरीक्षणास गेले होते. पुढच्याच वर्षी महाविद्यालयाच्या इमारतीवर वेधशाळा उभी राहिली.

लाफों स्वतः थोर संशोधक नव्हते. त्यांच्या नावावर एकही मोठा शोध नाही. तरीही त्यांचे नाव या इतिहासात अग्रभागी का यावे, हे समजण्यासाठी १८७६ चा एक वाद पाहिला पाहिजे. डॉ. महेंद्रलाल सरकार या कलकत्त्याच्या नामांकित वैद्यांनी भारतीयांच्या पैशाने आणि भारतीयांच्या व्यवस्थेखाली चालणारी एक विज्ञानसंस्था काढण्याचा ध्यास घेतला होता. तेथे व्याख्याने व्हावीत आणि पुढे स्वतंत्र संशोधन व्हावे, ही त्यांची कल्पना. त्याच वेळी शहरातील दुसरा एक पक्ष म्हणत होता की, संशोधनाच्या गप्पा कशाला, कारागिरीचे शिक्षण देणारी शाळा काढावी, म्हणजे मुलांना पोटापाण्याचा उद्योग मिळेल. वरवर पाहता हा पक्ष अधिक व्यवहारी होता. लाफोंनी भर सभेत त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते की, या योजनेने येथील तरुण युरोपीय माणसाच्या देखरेखीखाली कायम राबणारे कारागीर होतील. डॉ. सरकार यांना मात्र आपल्या देशबांधवांना या मानहानीच्या परावलंबनातून कालांतराने सोडवायचे आहे.

बोलणारा माणूस स्वतः युरोपीय होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. विद्यार्थ्यांना आपली गरज कायम लागावी, असे वाटणारा शिक्षक आणि एके दिवशी आपल्यावाचून त्यांचे चालावे, असे वाटणारा शिक्षक यांतील भेद त्या सभेत उघड झाला. डॉ. सरकारांची ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. पुढे जवळजवळ वीस वर्षे लाफों तेथे व्याख्याने देत राहिले.

याच काळात लाफोंच्या वर्गात एक बंगाली मुलगा बसत असे. त्याच्या वडिलांनी त्याला प्रथम मातृभाषेच्या पाठशाळेत घातले होते. तेथे कोळ्यांच्या आणि चाकरांच्या मुलांबरोबर बसून तो शिकला होता. पुढे सेंट झेवियरमध्ये येऊन १८७९ मध्ये तो पदवीधर झाला. हा मुलगा म्हणजे जगदीशचंद्र बोस होत. पदार्थविज्ञानाची गोडी आपल्याला फादर लाफोंमुळे लागली, हे ऋण त्यांनी पुढे आवर्जून मान्य केले.

पगार न घेणारा प्राध्यापक

जगदीशचंद्र केंब्रिजला शिकून परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हे सरकारी महाविद्यालय होते. भारतीय माणूस विज्ञान नीट शिकवू शकेल, यावर शिक्षणखात्यातील वरिष्ठांचा विश्वास नव्हता. त्यामुळे युरोपीय सहकाऱ्यांच्या तुलनेत त्यांना फारच कमी वेतन देऊ करण्यात आले. जगदीशचंद्रांनी तीन वर्षे शिकवले, परंतु वेतनाला हात लावला नाही. अखेरीस सरकारने मागील सर्व रकमेसह पूर्ण वेतन मान्य केले. संशोधनासाठी मात्र त्यांना वेगळी प्रयोगशाळा मिळाली नाही. अवघ्या २४ चौरस फुटांच्या एका खोलीत, एका अशिक्षित पत्रे ठोकणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी आपली उपकरणे स्वतः बनवली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अदृश्य विद्युतलहरी भिंतीपार पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा लहानसा स्फोट घडवला.

येथे कोणी म्हणेल की, मग नेतृत्वाचा प्रश्न उरतोच कोठे? वरिष्ठ प्रतिकूल असूनही शोध लागलाच ना? ही शंका रास्त आहे. तथापि दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे, ज्या हातांनी ती उपकरणे बनवली त्यांना उपकरणाची भीती वाटू नये, हे काम लाफोंच्या वर्गात आधीच झाले होते. दुसरी अशी की, जगदीशचंद्रांच्या संशोधनाला जोर येण्यास नोकरीत लागल्यापासून सुमारे नऊ वर्षे जावी लागली. प्रतिकूल वरिष्ठांपुढे एखादा जगदीशचंद्र टिकून राहतो. त्याच्याबरोबर जे टिकले नसतील, त्यांची नोंद कोणत्याही इतिहासात सापडत नाही.

पहिल्या वर्षाचा वर्ग मागून घेणारे आचार्य

१८८९ मध्ये याच महाविद्यालयात प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्र शिकवू लागले. एडिंबरा येथून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विद्वानाला सुरुवातीस महिना अडीचशे रुपयांची तात्पुरती जागा मिळाली. वरच्या वर्गांना शिकवणे हा ज्येष्ठ प्राध्यापकांचा मान समजला जाई आणि कोवळ्या मुलांचे वर्ग कनिष्ठांच्या गळ्यात पडत. रायबाबूंनी उलट केले. खालचे वर्ग ते आग्रहाने स्वतःकडे ठेवीत. कुंभाराला हवा तो आकार ओल्या मातीलाच देता येतो, अशी त्यांची धारणा होती. हाडे जाळल्यावर उरणारी राख म्हणजे निव्वळ खनिज द्रव्य होय, तिला किळसण्याचे कारण नाही, हे पटवण्यासाठी वर्गात ती राख ते जिभेवर ठेवून दाखवीत, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगत.

वर्ग सुटला तरी त्यांचे शिकवणे संपत नसे. ते आजन्म अविवाहित राहिले. १९१६ नंतर विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयातील एका खोलीत त्यांनी बिऱ्हाड केले आणि १९४४ मध्ये तेथेच देह ठेवला. गरजू विद्यार्थी त्यांच्यापाशीच राहत. वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर आपले वेतन त्यांनी विद्यापीठालाच देऊन टाकले. संशोधनाचे निबंध प्रसिद्ध करताना विद्यार्थ्यांची नावे ते आपल्या नावाबरोबर घालीत. माणसाने सर्वत्र विजयाची इच्छा धरावी, परंतु शिष्याकडून मात्र पराजयच इच्छावा, या अर्थाचे संस्कृत वचन त्यांना विशेष प्रिय होते आणि ते त्याप्रमाणे वागले.

१९११ च्या सुमारास प्रेसिडेन्सीच्या एकाच वर्गात सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष आणि ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी ही मुले जमली होती. जगदीशचंद्र आणि प्रफुल्लचंद्र हे दोघेही त्यांचे शिक्षक होते. यांतील साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचे पुत्र होते. शाळेत असताना गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली होती. कलकत्त्याच्या वसतिगृहात आल्यावर जातीच्या कारणास्तव काही मुलांनी त्यांच्या पंक्तीला बसण्यास नकार दिला. एकाच आवारात प्रयोगशाळेत त्यांना बरोबरीची जागा होती आणि भोजनगृहात ती नव्हती. साहांनी हा अपमान जन्मभर लक्षात ठेवला. ज्या रायबाबूंनी त्यांना जात न विचारता जवळ केले, त्यांच्या हाकेला ओ देऊन पुढे १९२२ च्या उत्तर बंगालमधील महापुरात ते मदतकार्यासही धावले.

आपण ख्रिस्ती माणसे एका भाकरीत सहभागी होणारी म्हणवतो. तेव्हा साहांचे हे दोन अनुभव शेजारी ठेवून आपणही आपल्या संस्थांकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. मुलांची बुद्धी फुलण्यासाठी चांगली प्रयोगशाळा लागते, हे आपल्याला लगेच पटते. तिच्याबरोबर पंक्तीत जागाही लागते, हे आपण सहज विसरून जातो.

‘काय शिकवाल?’

या परंपरेतील तिसरा पुरुष अगदी वेगळ्या प्रकृतीचा होता. सर आशुतोष मुखर्जी हे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, गणिताचे मोठे अभ्यासक आणि १९०६ ते १९१४ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. लोक त्यांना बंगालचा वाघ म्हणत. लाफोंचा प्रसन्नपणा किंवा रायबाबूंचा साधेपणा त्यांच्या ठायी होता, असे कोणी म्हटलेले नाही. ते हुकमत गाजवणारे होते. परंतु ती हुकमत त्यांनी कशासाठी वापरली, ते पाहण्यासारखे आहे.

तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी दिलेल्या लाखो रुपयांच्या देणग्यांतून १९१४ मध्ये आशुतोषांनी विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे केले. लवकरच सत्येंद्रनाथ, मेघनाद आणि त्यांचे एक सोबती असे नुकतेच एम्.एस्सी. झालेले तरुण त्यांच्याकडे गेले. पदार्थविज्ञानात युरोपात नवे युग सुरू झाले आहे, ते आपल्याकडेही शिकवले जावे, अशी विनंती त्यांनी केली. तुम्ही काय शिकवाल, असे आशुतोषांनी विचारले. आपण सांगाल ते शिकवण्याचा प्रयत्न करू, असे उत्तर मुलांनी दिले. बोस आणि साहा यांची पदवी गणिताची होती. नव्या विषयातील पुस्तकेही शहरात दुर्मीळ होती, आणि जी होती ती बव्हंशी जर्मन भाषेत होती. दुसरा कोणी असता तर ‘आधी शिकून या’ म्हणाला असता. आशुतोषांनी त्यांना महिना सव्वाशे रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तयारीसाठी वर्षभराचा अवधी दिला आणि विषय वाटून दिले. साहांकडे पुंजसिद्धांत गेला, बोसांकडे सापेक्षतावाद. १९१६ मध्ये दोघेही व्याख्याते झाले.

मुलांनी जर्मन शिकून घेतली. शिबपूर येथील एका जर्मनभाषी प्राध्यापकाच्या संग्रहातून पुस्तके मिळवली. आज वाचलेले उद्या शिकवायचे, अशी स्थिती होती. १९२० मध्ये या दोघांनी आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतावादावरील मूळ निबंधांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. या निबंधांच्या जगातील अगदी पहिल्या इंग्रजी भाषांतरांमध्ये त्याची गणना होते. त्याच वर्षी साहांचा ताऱ्यांच्या व सूर्याच्या वायुमंडलातील आयनीभवनाविषयीचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा पाहून त्याचे तापमान ताडण्याची किल्ली त्यामुळे खगोलशास्त्राच्या हाती आली. साहा तेव्हा २६ वर्षांचे होते.

सत्येंद्रनाथ १९२१ मध्ये नव्याने निघालेल्या ढाका विद्यापीठात गेले. प्रकाशाच्या किरणोत्सर्गाविषयीचा प्लांक यांचा नियम ज्या रीतीने सिद्ध केला जाई, ती त्यांना पटत नव्हती. त्यांनी प्रकाशकणांची गणना करण्याची स्वतःची रीत शोधली आणि चारच पानांचा एक निबंध लिहिला. १९२४ च्या जूनमध्ये तो त्यांनी थेट आइनस्टाइनना पाठवला. आपण अपरिचित असूनही लिहीत आहोत, कारण आपल्या लेखनाद्वारे आम्ही सारे आपलेच विद्यार्थी आहोत, अशा अर्थाचे पत्र सोबत होते. आइनस्टाइननी तो निबंध स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्धीस दिला. आज विश्वातील कणांचा एक अख्खा वर्ग ‘बोसॉन’ या नावाने ओळखला जातो, तो या तरुणाच्या नावावरून.

आपल्याला न येणारी गोष्ट कोवळ्या पोरांच्या हाती सोपवणे हे आशुतोषांचे मोठे धाडस होते. मात्र त्यांनी मुलांना वाऱ्यावर सोडले नव्हते. वेळ, पैसा आणि जबाबदारीचे पद या तिन्ही गोष्टी त्यांनी बरोबर दिल्या होत्या. त्यांची हुकमत वरच्या दिशेने चाले. पुढे सरकारने अटी घालून अनुदान देऊ केले, तेव्हा विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकून पैसा घेण्यास त्यांनी ठामपणे नकार दिला. सरकारचा दबाव त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला आणि खाली वर्गात तरुणांना मोकळीक राहू दिली.

एक बंद दार

आता आपण पुन्हा डॉ. सरकारांच्या संस्थेकडे वळू. स्वतंत्र संशोधन करणारे तरुण तेथे यावेत, म्हणून डॉ. सरकारांनी जन्मभर वाट पाहिली. ते आले नाहीत. १९०४ मध्ये डॉ. सरकार वारले, ते आपला प्रयत्न फसला अशा खिन्न भावनेने. तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, सरकारी हिशेबखात्यात नोकरीस आलेला एक अठरा वर्षांचा मद्रासी तरुण त्या संस्थेची पाटी पाहून आत शिरला. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव. कार्यालयाच्या वेळेआधी सकाळी आणि नंतर रात्री, असे दहा वर्षे तो तेथे प्रयोग करीत राहिला. आशुतोषांनी त्याला विद्यापीठाचे पालित अध्यासन देऊ केले. त्यासाठी आधी परदेशी जाऊन शिकून येण्याची अट होती. रामननी ती नाकारली, तेव्हा आशुतोषांनी अटच बाजूला केली. १९१७ मध्ये रामन कमी वेतनावर प्राध्यापक झाले. देशभरातून तरुण त्यांच्याभोवती गोळा झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन या सहकाऱ्यासह चाललेल्या प्रयोगांतून, प्रकाश विखुरताना त्याचा रंग कसा बदलतो याचा शोध लागला. १९३० मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या संस्थेसाठी लाफोंनी वाद घातला होता, तिला फळ यावयास ५२ वर्षे लागली. लाफों १९०८ मध्येच निवर्तले होते.

येथे हा लेख संपवता आला असता. परंतु इतिहास सांगताना सोयीचे तेवढे सांगणे बरे नव्हे. १९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आलेली एक मराठी मुलगी तेथे प्रवेश मागण्यास गेली. तिचे नाव कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची ती धाकटी बहीण. तिचे वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. मुलगी आहे, या एकाच कारणास्तव रामननी प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेरीस रामननी प्रवेश दिला तो अटींवर. एक वर्ष काम पाहिले जाईल, समाधान झाल्यावाचून त्या कामाला मान्यता मिळणार नाही, आणि इतर संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये तेथील डॉक्टरेट मिळवली, आणि कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी केलेले काम गरिबांच्या ताटाशी निगडित होते. मात्र त्या वर्षाचा अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो बोलून दाखवला.

जो तरुण कोणतीही अट न घालता आत घेतला गेला, त्याच माणसाने पुढे दुसऱ्याच्या वाटेत अटी उभ्या केल्या. रामन थोर होते, यात शंका नाही. आपली चूक त्यांनी कृतीने सुधारली, हेही मान्य केले पाहिजे. १९४० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत केरळमधील सीरियन ख्रिस्ती घराण्यातील अ‍ॅना मणी संशोधन करू लागल्या. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी भारतीय बनावटीची हवामानाची उपकरणे तयार करण्याचे फार मोठे काम केले. तरीही एक प्रश्न आम्हांला बोचत राहतो. कमलाबाई त्या दिवशी मुंबईची गाडी धरून परत आल्या असत्या तर? त्यांच्याआधी कितीजणी दारावरूनच परत गेल्या असतील?

आपल्यापुरते

या सत्तर-ऐंशी वर्षांच्या हकिगतीतून आम्हांला जे उमगले, ते थोडक्यात सांगतो. नव्याची निर्मिती करणारे विद्यार्थी ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते पुढारी स्वभावाने एकसारखे नव्हते. लाफों उत्साही वक्ते होते, रायबाबू विरक्त होते, आशुतोष करारी होते. परंतु विद्यार्थी पुरता तयार होण्याची वाट न पाहता तिघांनीही त्याच्या हाती खरे काम दिले, त्या कामाला लागणारी साधने दिली, आणि तो आपल्या पुढे गेला तर त्यात आनंद मानला. जेथे वरिष्ठांनी आधी पात्रता सिद्ध करा म्हणून दार लोटले, तेथे नवे घडलेच नाही असे नाही, परंतु ते उशिरा घडले आणि जखमा ठेवून घडले.

आपल्या धर्मग्रामांत विद्यापीठे नाहीत. सभागृहाची किल्ली, थोडा निधी, आठवड्यातील एक संध्याकाळ आणि ज्येष्ठांचा शब्द एवढेच आपल्यापाशी असते. परंतु आशुतोषांनी दिलेल्या गोष्टी याच जातीच्या होत्या. मुले चुकतील ही भीती आपल्याला वाटते. साहा आणि बोस आज वाचून उद्या शिकवीत होते, तेव्हा तेही चुकले असतील. काहीही न चुकता सण पार पाडायचा, एवढेच आपले ध्येय असेल, तर खुर्च्या मांडण्यापलीकडे मुलांकडून आपण काही मागूच शकत नाही.

ती सूचना करणारी मुलगी आता नोकरीला लागली आहे. रविवारी मिस्सानंतर ती भेटली, तेव्हा आम्ही तिच्यापाशी आमची चूक कबूल केली आणि नकाशाचे काम अजून करता येईल का, असे विचारले. तिने प्रथम उरलेली बावखले मोजावी लागतील असे सांगितले, आणि महाविद्यालयात जाणारी चार मुले मागितली. सभागृहातील मागची खोली आणि कपाटाची किल्ली तिला द्यावी, असा ठराव येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत. नकाशा कसा असावा, याविषयी सूचना करण्याचा मोह आम्हांला होत आहे. तो आवरावा असे ठरवले आहे.